तंबाखूच्या मुलुखातील बंड

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६६८ साली मुंबई बेट सालीना दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले, ही हकीकत मराठी वाचकाला ठाऊक असते. परंतु त्याच उदार राजाने पाच वर्षांनी, म्हणजे १६७३ साली, अटलांटिक महासागरापलीकडील आपल्या व्हर्जिनिया नामक मुलुखाचा सारा आणि तेथील पडीक जमिनीचे हक्क लॉर्ड आर्लिंग्टन व लॉर्ड कल्पेपर या दरबारातील दोन मर्जीतल्या सरदारांना एकतीस वर्षांच्या मुदतीने बहाल केले, आणि तेथे दोन पिढ्या घाम गाळून वसलेल्या रयतेला त्याबाबत एका शब्दानेही विचारले नाही, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. या सनदेनंतर तीनच वर्षांनी त्या मुलुखात जे बंड पेटले आणि ज्याने वसाहतीची राजधानी जाळून टाकली, त्याची कारणे एकट्या सनदेत शोधणे भाबडेपणाचे ठरेल. पण आपला मुलूख कोणाच्या तरी बैठकीत परस्पर वाटला जातो आहे, ही भावना त्या रयतेच्या मनात किती खोल गेली होती, ते समजण्यास हा दाखला पुरेसा आहे.

व्हर्जिनियाची वसाहत १६०७ साली जेम्स नदीच्या काठी जेम्सटाऊन येथे स्थापन झाली. आरंभीची वर्षे उपासमारीत आणि रोगराईत गेली. पुढे जॉन रॉल्फ याने तेथील मातीत उत्तम प्रतीचा तंबाखू पिकतो असे दाखवून दिल्यावर मात्र सगळ्या वसाहतीचे चित्त त्या एका पिकावर जडले, इतके की धर्मोपदेशकांचे वेतन, कचेरीतले दंड आणि सरकारचे कर हे सगळे तंबाखूच्या वजनातच मोजले जाऊ लागले. तंबाखूला दोन गोष्टी भरपूर लागतात, जमीन आणि हात. जमीन मूळ रहिवाशांची होती आणि ती हरतऱ्हेने काढून घेण्याचा उद्योग पहिल्या दिवसापासून चालू होता. हात मात्र इंग्लंडातून आणावे लागत. त्यासाठी अशी तजवीज करण्यात आली की, जो कोणी एक माणूस आपल्या खर्चाने वसाहतीत आणील त्याला दर माणशी पन्नास एकर जमीन मिळावी. ही जमीन येणाऱ्याला मिळत नसे, आणणाऱ्याला मिळत असे, आणि या एका तरतुदीत त्या समाजाच्या पुढील पन्नास वर्षांच्या कलहाचे बीज होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ज्यांचे जहाजभाडे दुसऱ्याने भरले ते करारबद्ध चाकर होऊन येत, आणि सतराव्या शतकात चेसापीक उपसागराच्या परिसरात उतरलेल्या इंग्रजांपैकी चारांत तीन याच वर्गातले होते. कराराची मुदत बहुधा चार ते सात वर्षांची असे; मुदतीत मालक चाकराला दुसऱ्याकडे विकू शके, पळून गेल्यास मुदत वाढे, आणि दासीला मूल झाल्यासही वाढे. आपल्याकडून मॉरिशसला किंवा फिजीला गेलेल्या गिरमिटियांची कहाणी ज्यांनी वाचली आहे त्यांना हा व्यवहार परका वाटणार नाही. ज्यांचे आयुष्य मुदतीपर्यंत टिकले ते मोकळे होत, परंतु १६६० नंतर मोकळे होऊन जाणार कोठे? नद्यांच्या काठची सुपीक जमीन, जिच्यापाशी जहाज थेट धक्क्याला लागत असे, ती केव्हाच बड्या मळेवाल्यांच्या नावावर चढलेली होती. उरली ती सरहद्दीवरची, मूळ रहिवाशांच्या गावांना लागून असलेली रानवट जमीन, नाहीतर दुसऱ्याचे कूळ होऊन राहणे. त्यातच इंग्लंडच्या नौकानयनविषयक कायद्यांनी वसाहतीचा तंबाखू इंग्रजी बंदरांतच गेला पाहिजे असे बंधन घातले, भाव उतरत उतरत पौंडामागे पेनीच्या आसपास आला, आणि कर मात्र डोईपट्टीच्या रूपाने हजारो एकरांच्या धन्यावर आणि झोपडीतल्या मोकळ्या चाकरावर माणशी सारखाच पडत राहिला. १६७० साली तर कायदेमंडळाने भूमिहीनांचा मताधिकारच काढून घेतला. कारण असे दाखविले की, ज्यांचा देशात काही ठेवा नाही ते निवडणुकीच्या वेळी दंगा माजवितात.

या समाजात आफ्रिकेतून आणलेली माणसे १६१९ पासून होती. आरंभीच्या काळात त्यांचा कायदेशीर दर्जा पुरता ठरलेला नव्हता, आणि म्हणून अँथनी जॉन्सनसारखा, बंदिवान होऊन आलेला कृष्णवर्णी मनुष्य मोकळा होऊन १६५१ साली अडीचशे एकरांचा धनी होऊ शकला. इतकेच नव्हे तर जॉन कॅसर या दुसऱ्या कृष्णवर्णी माणसावरील आपला मालकी हक्क त्याने १६५५ साली कोर्टातून शाबीत करून घेतला. परंतु या एका उदाहरणावरून तो काळ वर्णभेदाविरहित होता असा निष्कर्ष काढणारे लोक दुसऱ्या एका निवाड्याकडे डोळेझाक करतात. १६४० साली तीन चाकर पळून जाऊन पकडले गेले. त्यांपैकी एक डच, एक स्कॉट आणि जॉन पंच नावाचा तिसरा निग्रो होता. गुन्हा एक, पळण्याची वाट एक. पण दोघा गोऱ्यांची मुदत चार चार वर्षांनी वाढली आणि जॉन पंच याला जन्मभर चाकरी फर्मावण्यात आली. पुढे १६६२ साली मुलाचा दर्जा आईच्या दर्जाप्रमाणे ठरेल असा कायदा झाला, जेणेकरून मालकापासून दासीला झालेली संततीही मालकाचीच मालमत्ता ठरली. आणि १६६७ साली बाप्तिस्म्याने दास्य सुटत नाही असे जाहीर करून ख्रिस्ती मालकांच्या विवेकाचीही सोय लावण्यात आली.

या सर्वांवर गव्हर्नर होता सर विल्यम बर्कली. मनुष्य सुसंस्कृत, नाटके लिहिणारा, पूर्ववयात बऱ्यापैकी लोकप्रिय. परंतु सत्तरीला टेकला तेव्हा त्याच्याभोवती जमीन, हुद्दे आणि मूळ रहिवाशांशी चालणाऱ्या केसाळ कातड्यांच्या व्यापाराचे परवाने वाटून घेणाऱ्या मर्जीतल्यांचे कोंडाळे जमले होते, आणि आपल्या सोयीचे कायदेमंडळ त्याने नवी निवडणूक न घेता चौदा वर्षे तसेच चालू ठेवले होते. १६७१ साली त्याने विलायतेस जो अहवाल पाठविला त्यात वसाहतीची वस्ती चाळीस हजार, तीत दोन हजार कृष्णवर्णी गुलाम आणि सहा हजार ख्रिस्ती चाकर असा आकडा दिला, आणि आपल्या मुलुखात मोफत शाळा व छापखाने नाहीत याबद्दल ईश्वराचे आभार मानले. असे आभार मनातल्या मनात मानणारे राज्यकर्ते जगात पुष्कळ झाले, पण ते सरकारी कागदावर नमूद करण्याइतका प्रांजळपणा थोड्यांच्याच ठायी असतो.

बंडाची ठिणगी मात्र डुकरांवरून पडली. टॉमस मॅथ्यू नावाच्या एका सावकारी व्यापाऱ्याने डोएग जमातीच्या लोकांचे देणे थकविले, तेव्हा त्यांनी १६७५ च्या उन्हाळ्यात पोटोमॅक नदी ओलांडून त्याची डुकरे नेली. पाठलाग झाला, माणसे पडली, सूड म्हणून मॅथ्यूचा गुराखी मारला गेला, आणि त्या सुडाचा सूड उगविण्यास निघालेल्या इंग्रजांनी डोएगांबरोबरच, ज्यांचा या प्रकरणाशी संबंध नव्हता त्या सस्क्वेहॅनॉक लोकांनाही गोळ्या घातल्या. पुढे मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन्ही वसाहतींच्या शिबंदीने सस्क्वेहॅनॉकांच्या गढीला वेढा दिला आणि बोलणी करण्यास बाहेर आलेल्या त्यांच्या पाच प्रमुखांना ठार केले. त्या फौजेच्या नायकांत जॉन वॉशिंग्टन नावाचा एक मळेवाला होता. त्याचा पणतू पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १६७६ च्या जानेवारीत सस्क्वेहॅनॉकांनी सरहद्दीवर छापे घालून छत्तीस वसाहतवाल्यांचे प्राण घेतले. या सगळ्या काळाचा वृत्तान्त पुढे तीस वर्षांनी ज्याने लिहून ठेवला तो तोच टॉमस मॅथ्यू होय. आकाशात आठवडाभर दिसलेला धूमकेतू, सूर्य झाकून टाकणारे कबुतरांचे थवे आणि जमिनीतून भोके पाडून वर आलेले बोटभर कीटक, असे तीन अपशकुन त्याने भक्तिभावाने नोंदविले आहेत. आपण थकविलेले देणे मात्र त्याला अपशकुनात धरावेसे वाटले नाही.

बर्कलीचा बेत सावध होता. नद्यांच्या मुखाकडे नव्हे, उगमाकडे किल्ले बांधावेत, शिबंदी ठेवावी, आणि मित्रजमातींना दुखवू नये. सरहद्दीवरच्या लोकांना यात दिसले ते एवढेच की, किल्ले बांधण्याचा मक्ता गव्हर्नरच्या स्नेह्यांना मिळणार, त्यासाठी डोईपट्टी आपण भरणार, आणि छापेकरी किल्ल्याला वळसा घालून आपल्याच घरावर येणार. अशा वेळी त्यांना पुढारी मिळाला तो त्यांच्यातला नव्हता. नॅथॅनिएल बेकन हा सफोकमधील सधन घराण्यातला, केंब्रिजला शिकलेला, जेमतेम एकोणतीस वर्षांचा तरुण. रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला त्याच वर्षी तो व्हर्जिनियात उतरला होता, बर्कलीच्या नात्यातला असल्यामुळे लगोलग त्याच्या सल्लागार मंडळात बसला होता, आणि जेम्स नदीवर त्याचा मोठा मळा होता. त्याने गव्हर्नरकडे फौजेची सनद मागितली. ती मिळण्यापूर्वीच तो स्वयंसेवक घेऊन दक्षिणेकडे गेला. तेथे ऑकॅनीची जमातीच्या लोकांनी त्याच्या वतीने सस्क्वेहॅनॉकांवर हल्ला करून त्यांचा पाडाव केला, आणि त्याचे पारितोषिक म्हणून बेकनच्या माणसांनी या ऑकॅनीचींचीच कत्तल केली. शत्रू आणि मित्र यांतील भेद त्याला कळत नव्हता असे नव्हे. त्याच्या अनुयायांना जमीन हवी होती, आणि जमिनीच्या बाबतीत मित्रजमात ही शत्रूपेक्षा मोठी अडचण असते.

बर्कलीने त्याला बंडखोर ठरविले आणि त्याच वेळी, लोकक्षोभ शमविण्यासाठी, चौदा वर्षांनी निवडणूक जाहीर केली. मतदारांनी या बंडखोरालाच निवडून पाठविले. जेम्सटाऊनला येताच त्याला कैद झाली, गुडघे टेकून त्याने माफी मागितली, माफी मिळालीही. पण आठ-पंधरा दिवसांत तो पाचशे हत्यारबंद लोक घेऊन परतला आणि २३ जून १६७६ रोजी त्याने स्टेट हाऊसला गराडा घातला. तेव्हा म्हातारा गव्हर्नर बाहेर आला, त्याने छातीवरचा अंगरखा फाडून उघडी छाती पुढे केली आणि घाल गोळी म्हणून आव्हान दिले; बेकनने उत्तर केले की तुमच्या डोक्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही, आम्हाला सनद पाहिजे; आणि बंदुका खिडक्यांतील सभासदांकडे वळल्या. सनद मिळाली. त्याच अधिवेशनात मोकळ्या भूमिहीनांना मताधिकार परत देणारा आणि बड्या अंमलदारांच्या लाचखोरीला आळा घालणारा असे काही कायदे संमत झाले, आणि या कायद्यांमुळेच बेकनचे नाव पुढे लोकसत्तेच्या कैवाऱ्यांत घातले गेले. ते संमत होत असता बेकन स्वतः फौजेच्या उठाठेवीत गुंतलेला होता, याकडे त्याच्या भक्तांचे सहसा लक्ष जात नाही.

जुलैअखेर त्याने जाहीरनामा काढला, त्यात अन्यायी कर, मर्जीतल्यांची बढती आणि बीव्हरच्या कातड्यांसाठी रयतेचा घात असे आरोप गव्हर्नरवर ठेवले, आणि मग तो पामंकी जमातीवर चालून गेला. ही जमात इंग्रजांशी तहाने बांधलेली होती. तिची राणी कॉकाकोएस्के हिला दलदलीच्या रानात लपून जीव वाचवावा लागला. बर्कली दरम्यान उपसागर ओलांडून पूर्वकिनाऱ्यावर पळाला होता, तेथून तो फौज घेऊन परतला, आणि सप्टेंबरात जेम्सटाऊनसमोर दोन्ही पक्ष भिडले. बेकनने खंदक खणून होईपर्यंत शत्रूपक्षातील घरंदाज बायका आणवून त्यांना मोर्चावर उभे केले, ही त्याच्या शौर्यकथेतील सर्वांत लाजिरवाणी बाब. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मनुष्यबळ मिळविण्याच्या घाईत दोन्ही पक्षांनी परस्परांच्या चाकरांना आणि गुलामांना, आमच्याकडे या म्हणजे मोकळे व्हाल, असे आमिष दाखविले. आणि जे आले त्यांनी ते आमिष म्हणून नव्हे, वचन म्हणून घेतले. १९ सप्टेंबरला बेकनच्या लोकांनी जेम्सटाऊन पेटविले. ड्रमंड आणि लॉरेन्स या त्याच्या दोघा साथीदारांनी स्वतःच्या घरांना स्वहस्ते आग लावली; पण ड्रमंडने त्या धांदलीतही सरकारी दप्तर बाहेर काढून वाचविले.

सव्वा महिन्याने, २६ ऑक्टोबरला, बेकन रक्ती हगवणीने मेला. त्याचे शव अनुयायांनी कोठे दडविले ते आजतागायत कळलेले नाही. पुढाऱ्यावाचून बंड विस्कटले. तथापि ते सर्वांत शेवटी कोणी सोडले हे पाहण्यासारखे आहे. १६७७ च्या जानेवारीत टॉमस ग्रँथम हा जहाजाचा कप्तान बर्कलीतर्फे बोलणी करण्यास गेला, तेव्हा यॉर्क नदीच्या वरच्या अंगाला एका ठाण्यात त्याला चारशे हत्यारबंद इंग्रज आणि निग्रो एकत्र आढळले. गोड बोलून, मद्य पाजून आणि माफीची व मुक्ततेची आश्वासने देऊन त्याने बहुतेकांना घरी धाडले. पण ऐंशी कृष्णवर्णी आणि वीस इंग्रज हत्यार खाली ठेवीनात. त्यांना सुरक्षित ठिकाणी पोचवितो म्हणून त्याने एका होडीत घेतले, होडी आपल्या जहाजाच्या तोफांखाली आणली, आणि मग हत्यारे काढून घेऊन एकेकाला त्याच्या मालकाच्या हवाली केले.

नंतर फाशांचे सत्र चालले, तेवीस जणांना लटकविण्यात आले. थंडीने गारठलेला ड्रमंड पकडून आणला तेव्हा बर्कलीने त्याला लवून मुजरा केला, आपल्या दर्शनाने फार आनंद झाला म्हणाला, आणि लवकरच फासावर चढविले. मालमत्तेच्या जप्त्यांचा इतका सुळसुळाट झाला की हजारावर फौज घेऊन आलेल्या राजाच्या कमिशनरांनाच रयतेची बाजू घ्यावी लागली. बर्कली विलायतेस परत बोलावला गेला आणि राजाची भेट होण्यापूर्वीच जुलै १६७७ मध्ये वारला. बेकनचे कायदे रद्द झाले.

१७७६ ची राज्यक्रांती बरोबर शंभर वर्षांनी झाली, एवढ्या योगायोगावर एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लेखकांनी बेकनला स्वातंत्र्याचा पूर्वसूरी बनविले, आणि १९४० साली वर्टेनबेकर या विद्वानाने त्याला क्रांतीचा मशालजी अशी पदवी दिली. १९५७ साली वॉशबर्न याने कागदपत्रांच्या आधारे त्या मशालीचा बराचसा प्रकाश काढून घेतला. माझ्या मते बेकनला पूर्वसूरीही म्हणू नये आणि केवळ दरोडेखोरही म्हणू नये. रयतेची गाऱ्हाणी खरी होती, आणि ती ज्या दिशेने वाहवली ती मूळ रहिवाशांच्या रक्ताची होती. या दोन्ही गोष्टी एकाच बंडात होत्या, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

बंडानंतरचे कायदे मी बंडाहून अधिक बारकाईने वाचण्यासारखे समजतो. १६८० साली ठरले की निग्रोने बंदूक, तलवार तर राहोच, पण काठी सोटाही बाळगू नये, परवान्यावाचून मालकाची हद्द सोडू नये, आणि ख्रिस्ती माणसावर हात उगारल्यास तीस फटके खावेत. १६९१ साली गोरे आणि कृष्णवर्णी किंवा मूळ रहिवासी यांच्यातील विवाहाला बंदी झाली, आणि जो गोरा असा विवाह करील त्याला वसाहतीतून हद्दपारी. १७०५ च्या मोठ्या संहितेत गुलामांची गुरे, घोडे, डुकरे जप्त करून विकावीत आणि पैसा पॅरिशमधील गरिबांसाठी खर्चावा असे कलम आहे. गोऱ्या चाकराला न्यायाधीशाच्या हुकुमाशिवाय उघड्या अंगावर फटके मारू नयेत असेही आहे. आणि मुदत संपलेल्या गोऱ्या पुरुषाला मालकाने दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक दिलीच पाहिजे असेही आहे. एकाला सोटा वर्ज्य आणि दुसऱ्याला कायद्यानेच बंदूक! १६७७ साली ज्या ठाण्यात ऐंशी आणि वीस एकत्र उभे होते, तेथे पुन्हा तसे कोणी उभे राहू नये याची ही व्यवस्था होती. तरीही या भीतीलाच सर्व श्रेय देणे मला पटत नाही. इंग्लंडात मजुरी वाढल्याने चाकर येईनासे झाले, १६९८ साली रॉयल आफ्रिकन कंपनीचा मक्ता सुटल्यामुळे गुलाम मुबलक आणले जाऊ लागले, आणि जन्मभराचा मजूर मुदतीच्या मजुरापेक्षा किफायतशीर आहे हे मळेवाल्याला जमाखर्चाच्या वहीत दिसले. भीतीने कायद्याचा मसुदा लिहिला असेल, पण शाई नफ्याची होती. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या दास्याचा कायदेशीर सांगाडा उभा राहिला तो याच तीस वर्षांत.

त्यानंतरची बंडे या विभागणीच्या अलीकडे किंवा पलीकडे झाली. ९ सप्टेंबर १७३९ च्या रविवारी दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीपाशी सुमारे वीस गुलामांनी एका दुकानातील हत्यारे घेऊन स्पॅनिश फ्लोरिडाची वाट धरली, कारण तेथे पोचलेल्याला स्पेनचा राजा मोकळीक देत असे. वाटेत त्यांनी अनेक गोऱ्यांना मारले, पण एका खाणावळवाल्याला, तो आपल्या गुलामांशी बरा वागतो म्हणून, सोडून दिले. त्यांच्या बाजूने एकही गोरा गरीब उभा राहिला नाही. उलट १७६३ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातील पॅक्स्टन येथील गोऱ्या सरहद्दवाल्यांनी आपला राग वीस निरुपद्रवी कॉनेस्टोगा लोकांवर काढला, ज्यांतले चौदा जण संरक्षणासाठी लँकेस्टरच्या सरकारी इमारतीत ठेवलेले होते. बेकनचा वारसा कोणी चालविला असेल तर तो या लोकांनी.

व्हर्जिनियात १७२३ साली मोकळ्या, जमीनदार, करभरू कृष्णवर्णीयांचाही मताधिकार काढून घेण्यात आला. लंडनमधील व्यापारमंडळाचा कायदेपंडित रिचर्ड वेस्ट याने तेव्हाच शंका काढली होती की, स्वतंत्र माणसाला केवळ त्याच्या वर्णावरून वेगळे वागविण्याचे कारण काय. आणि मंडळाने १७३५ मध्ये, बारा वर्षांनी का होईना, गव्हर्नर गूच याला तोच सवाल घातला. गूचचे १७३६ सालचे उत्तर दप्तरात आहे. त्याचा आशय असा की, मोकळ्या निग्रोंवर कायमचा डाग असावा आणि गुलामाच्या वंशजात व इंग्रजाच्या वंशजात भेद राहिला पाहिजे, हाच आमचा हेतू होता. मंडळाने यावर पुढे काही केले नाही. त्या डागाचे एक कलम, १६९१ चे विवाहबंदीचे, वेगवेगळ्या रूपांनी व्हर्जिनियाच्या कायद्यात टिकून राहिले. ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी रद्दबातल ठरविले.